फऊलुन आणि भुजंगप्रयात : मराठी गझल नेमके कोणाला जोडते?

वागळे इस्टेटमधल्या आमच्या शाळेची इमारत दोन माध्यमांत वाटलेली आहे. एका जिन्याने उर्दूची मुले वर जातात, दुसऱ्या जिन्याने मराठीची. मधली भिंत पातळ आहे. सकाळच्या परिपाठात पलीकडून मनाचे श्लोक ऐकू येतात आणि आमच्याकडची दुआ त्यांना ऐकू जात असणार. एरवी दोन्हीकडच्या मुलांची भेट पाण्याच्या टाकीजवळ होते, तीही बहुधा ढकलाढकलीत.

आठवीच्या वर्गात आम्ही एके दिवशी इक्बालची एक गझल घेतली होती. ताऱ्यांपलीकडेही आणखी जगे आहेत असे सांगणारी, ‘बाल-ए-जिब्रील’ या १९३५ च्या संग्रहातली. अभ्यासक्रमात बहर शिकवायचा नसतो. पण शेर पाठ होतो तो बहरामुळे, ही आमची समजूत असल्याने फळ्यावर लिहिले : फऊलुन फऊलुन फऊलुन फऊलुन. मुले बाक वाजवून म्हणू लागली. दोनतीन वेळा झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ये तो बाजू के स्कूलवाला है.”

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि मग थांबलो. मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयात वृत्तात आहेत, त्याची मांडणी लगागा लगागा लगागा लगागा अशी आहे. इक्बालच्या त्या गझलेचा बहर, म्हणजे आमच्या अरूजमधला मुतकारिब, हाही लगागा लगागा लगागा लगागाच. एक लघु, दोन गुरू, असे चार वेळा. बीएडला आम्ही ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र पाठ केले होते. ते त्या दिवशी आम्हालाच एका विद्यार्थ्याने शिकवले. रोज सकाळी भिंतीतून झिरपत आलेली लय त्याने ओळखली होती आणि ती कोणाची आहे याची चौकशी त्याच्या कानाने केली नव्हती.

हा लेख त्या मुलाच्या वाक्याचा विस्तार आहे. ‘कला समाजांना जोडते’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर आता कोणी प्रश्न विचारत नाही. आम्हाला विचारावासा वाटतो. जोडते ती कशी? कोणाला? कधी जोडत नाही? यासाठी मराठी गझलेसारखे दुसरे उदाहरण आम्हाला सापडत नाही. कारण हा काव्यप्रकार सरळ सरळ आमच्या उर्दू-फार्सीच्या घरातून मराठीच्या घरात गेला, तिथे रुजला, आणि आज कोणत्याही मराठी गावात ‘गझल मुशायरा’ म्हटले की लोकांना अर्थ सांगावा लागत नाही. मतला, मक्ता, काफिया, रदीफ हे शब्द वापरणाऱ्या मराठी माणसाला ते परके वाटत नाहीत. एवढे झाले. मग माणसेही जोडली गेली का?

अठराव्या शतकातल्या अमृतराय या कवीकडे मराठीतल्या पहिल्या गझलेचा मान दिला जातो. पण गझल मराठीत शास्त्रशुद्धपणे आणण्याचे श्रेय निर्विवादपणे माधव जूलियन यांचे. माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४-१९३९) हे रविकिरण मंडळातले कवी आणि पेशाने फार्सीचे प्राध्यापक. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी फार्सी शिकवली. १९२५ साली त्यांचा ‘फार्सी-मराठी कोश’ निघाला. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मराठीत आणल्या. १९३३ साली ‘गज्जलांजलि’ हा संग्रह आला. ‘छंदोरचना’ या ग्रंथात त्यांनी मराठी वृत्तांचा पाया पक्का केला. आज मराठी गझलकार ज्याला देवप्रिया म्हणतात ते वृत्त आमच्याकडचे फाइलातुन फाइलातुन फाइलातुन फाइलुन, आणि वियद्गंगा म्हणजे चार वेळा मफाईलुन. त्यांच्या आधी हा हिशोब मराठीत इतक्या बारकाईने कोणी मांडला नव्हता. उर्दूचा शिक्षक म्हणून आम्ही त्यांचे ऋण मान्य करतो. आमची शिदोरी त्यांनी आदराने उचलली, तिचा अभ्यास केला, मग वाटली.

पण याच माधवरावांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. मराठीतले फार्सी-अरबी शब्द दूर करून भाषा शुद्ध करावी, या चळवळीच्या बाजूने ते उभे राहिले. ज्याने फार्सीचा कोश रचला त्यानेच फार्सी शब्दांना निरोप द्यावा, हे वाचताना आम्हाला पहिल्यांदा राग आला होता. आता राग येत नाही, प्रश्न पडतो. साचा घ्यावा आणि शब्द परत करावेत, हे शक्य आहे काय? गझलेचा बहर राहू द्या, काफिया राहू द्या, आणि ज्या माणसांच्या तोंडी तो पाच-सहाशे वर्षे घोळला त्या माणसांचे बोलणे मात्र बाहेर ठेवा, असा हा व्यवहार आहे.

माधवरावांच्या गझलांकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहिले तरी या व्यवहाराची खूण सापडते असे आम्हाला वाटते. त्यांच्या रचना वृत्तात बिनचूक आहेत. काफिया-रदीफ जागच्या जागी आहेत. पण अनेक ठिकाणी ती एक सलग भावकविता असते. गझलेतला प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा असतो, दोन ओळींत एक जग सुरू होऊन संपते, पहिल्या ओळीने ताण द्यायचा आणि दुसरीने तो अनपेक्षित जागी सोडवायचा, हे गझलेचे चालणे त्यांच्यात क्वचित दिसते. याचे कारण, आमच्या मते, प्रतिभेची उणीव हे नाही. गझल पुस्तकातून आली होती, बैठकीतून आलेली नव्हती. समोर दाद देणारा, ‘मुकर्रर’ म्हणणारा, चुकले तर भुवई उंचावणारा माणूस नव्हता. साचा आला, मजलिस आली नाही.

ती मजलिस सुरेश भटांनी उभी केली. अमरावतीचे भट (१९३२-२००३) ‘रूपगंधा’पासून लिहीत होते. ‘रंग माझा वेगळा’ १९७४ मध्ये आला आणि १९८३ मध्ये ‘एल्गार’. या शेवटच्या नावापाशी थोडे थांबू. एल्गार म्हणजे आमचा ‘यलग़ार’, तुर्की-फार्सीतून आलेला, चाल करून जाण्याचा शब्द. ज्या शब्दाला शुद्धीच्या याद्यांत जागा मिळाली नसती तो एका मराठी गझलसंग्रहाच्या मुखपृष्ठावर बसला, आणि पुढे मोर्चे आणि सभा यांच्या नावांत गेला. आज कोणा कामगार संघटनेने ‘एल्गार’ पुकारला तर तो शब्द कोठून आला हे कोणी विचारत नाही. वादात न पडता वाद कसा जिंकावा याचा हा नमुना आहे.

भटांचे खरे काम मात्र संग्रहांइतकेच पत्रांत आहे. ‘गझलेची बाराखडी’ ही त्यांची छोटी पुस्तिका. मतला म्हणजे काय, काफिया कसा जुळवावा, अलामत कशी सांभाळावी, हे त्यांनी सोप्या मराठीत लिहिले आणि नवोदितांपर्यंत पोचवले. लिहू पाहणाऱ्या तरुणांच्या रचना तपासून पत्राने उत्तरे दिली. आमच्या वाचकांना या पद्धतीचे नाव सांगायला नको. ही इस्लाह आहे. उस्तादाने शागिर्दाचा मिसरा घ्यायचा, एक शब्द बदलायचा आणि परत द्यायचा. दिल्ली-लखनौच्या बैठकीतली ही रीत एका विदर्भातल्या माणसाने टपालखात्यावर चढवली आणि ती शेतकऱ्याच्या, कारकुनाच्या, शाळामास्तरच्या घरी गेली. त्यात जात-धर्म कोणी विचारत नसे, कारण समोरचा प्रश्न वेगळा होता. या ओळीत एक मात्रा कमी का पडते?

याच ठिकाणी आमच्या मूळ प्रश्नाचे एक उत्तर आम्हाला दिसते. माणसे एकमेकांच्या कलेचे कौतुक करून जोडली जात नाहीत. कौतुक लांबूनही करता येते. ती जोडली जातात एकमेकांची चूक काढण्याचा हक्क मिळाल्यावर. ज्याला आपण ‘इथे तुमचा काफिया चुकला’ असे सांगू शकतो, आणि जो आपल्याला तसे सांगू शकतो, तो परका राहत नाही.

उलट अनुभवही सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागात एका मंडळाने सद्भावनेचा कार्यक्रम ठेवला होता. आम्हाला बोलावणे आले. आम्ही उत्साहाने आमची एक मराठी गझल घेऊन गेलो. हेतू चांगला, माणसे प्रेमळ, चहा उत्तम. आमची मराठी गझल ऐकून संयोजक जरा खट्टू झाले. म्हणाले, “सर, तुमच्याकडून उर्दू हवं होतं. मराठीचे कवी आहेतच की आपल्याकडे.” त्यांना त्यांच्या रंगीत फुलदाणीत आमचे एक उर्दू फूल हवे होते. पुढच्याच महिन्यात आमच्या लोकांच्या एका मुशायऱ्यात तीच गझल म्हणावी म्हटले, तर एका बुजुर्गांनी हसून पाठ थोपटली, “मियां, मराठी में भी ग़ज़ल होती है क्या?” दोन्ही वेळा अपमान कोणी केला नाही. दोन्ही वेळा गझल कोणी ऐकलीही नाही.

तात्पर्य, ज्याला आपण ‘कलेतून सलोखा’ म्हणतो त्यातला मोठा भाग प्रदर्शनाचा असतो. तुमची लावणी, आमची कव्वाली, त्यांचा गरबा. प्रत्येकाने आपापला पोशाख घालून यायचे, आपापला तुकडा सादर करायचा आणि निघून जायचे. यातून ओळख होते हे आम्ही नाकारत नाही. पण ती ओळख पोशाखाची असते. आणि एक धोका असा की, ज्याने त्याने आपल्या पोशाखाबाहेर पाऊल टाकले की प्रेक्षकांची निराशा होते.

या कसोटीवर आपले मुस्लिम मराठी गझलकार कोठे उभे राहतात? दोन नावे घेऊ. पहिले बदीउज्जमा खावर. कोकणातला हा कवी मुळात उर्दूचा, उर्दूत त्याचे नाव होते. त्याने मराठीत गझला लिहिल्या आणि मराठी कवितेचे उर्दू अनुवादही केले. म्हणजे तो दोन्ही दिशांनी चालला. आपल्याकडे मराठीत जाणारे पुष्कळ, पण मराठीचे काही उचलून उर्दूच्या ताटात वाढणारे थोडे. खावरांच्या या बाजूची चर्चा आपल्या संमेलनांतून जितकी व्हायला हवी तितकी झालेली नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हापासून ‘आम्हीही मराठी आहोत’ हे सांगण्यात आपली बरीच शक्ती गेली. सांगणे आवश्यक होते. पण उर्दू वाचणाऱ्या आपल्याच भावंडांना मराठी कविता दाखवण्याचे काम मागे पडले.

दुसरे नाव इलाही जमादार (१९४६-२०२१). सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे. ‘जखमा अशा सुगंधी’सारखे संग्रह, भीमराव पांचाळे यांच्या गळ्यातून घरोघर गेलेल्या गझला, आणि नवोदितांसाठी ‘गझल क्लिनिक’ या नावाने घेतलेल्या कार्यशाळा. म्हणजे भटांची इस्लाह त्यांनीही पुढे चालवली. इलाहींची गझल वाचताना जाणवते ते मराठीचे सहजपण. तिला मुसलमान दिसण्याची घाई नाही आणि न दिसण्याचीही नाही. प्रेम, वंचना, आरसा, जखम, वाट हे तिचे विषय. आपल्यातल्या काहींचा यावर आक्षेप आहे, तोही आम्ही ऐकला आहे : या गझलेत आमची वस्ती कुठे आहे? आमची भीती, आमची तलाक-पीडित बहीण, आमचा बेकार भाऊ कुठे आहे? मराठी रसिकाने इलाहींना डोक्यावर घेतले ते ते ‘आमचे’ म्हणून बोलले नाहीत म्हणूनच ना?

आक्षेप हलका नाही. इलाहींच्या पुष्कळ गझला सामाजिक तपशिलापासून अंतर राखतात हे खरे आहे. भटांच्या गझलेतला रस्त्यावरचा संताप त्यांच्यात कमी आहे, आणि गाण्याच्या चालीला सोपी जाणारी हळवी प्रतिमा त्यांना अधूनमधून मोह घालते. टीकाकाराने हे लिहिलेच पाहिजे. आपला माणूस आहे म्हणून सूट देणे हा त्याचा अपमान आहे.

पण आक्षेपाचा दुसरा भाग आम्हाला मान्य नाही. गझलेच्या रचनेतच त्याचे उत्तर आहे. शेवटच्या शेरात, मक्त्यात, कवीने आपले तखल्लुस आणण्याची प्रथा आहे. मराठीत ती सैल झाली, पण इलाहींनी ती मोकळेपणाने वापरली. आता श्रोत्याच्या बाजूने पाहा. तो पाच-सहा शेर ऐकतो, त्यात स्वतःचे दुःख ओळखतो, दाद देतो, आणि मग शेवटी नाव येते : इलाही. तोपर्यंत त्याचे काही नाकारायचे राहिलेले नसते. आधी नाव सांगून मग दार उघडायला लावणे हा एक मार्ग आहे. आधी घरात बसून, चहा घेऊन, निघताना नाव सांगणे हा दुसरा. वागळे इस्टेटमध्ये भाड्याने खोली शोधलेल्या प्रत्येकाला या दोन मार्गांतला फरक ठाऊक आहे.

आता उर्दूवाल्यांच्या बाजूचाही हिशोब. मराठी गझलेविषयी आपल्यात एक सुप्त तुच्छता आहे. ‘ग़’चा उच्चार नाही, नुक्ता नाही, म्हणून ती दुय्यम, असे अजूनही बोलले जाते. गंमत अशी की मराठीने ‘गज्जल’पासून सुरुवात केली आणि ‘गझल’पर्यंत आली. मराठीतल्या ‘झ’ला नुक्त्याशिवायच तो दातांजवळचा उच्चार येतो, ‘झाड’ म्हणताना येतो तसा. म्हणजे आपल्या ‘ज़’साठी तिला काही उसने घ्यावे लागले नाही, घरातच अक्षर होते. उलट आपणही शिकण्यासारखे आहे. उर्दूत बहर सांभाळताना शब्दाच्या शेवटचा दीर्घ स्वर गरजेप्रमाणे दाबता येतो. हर्फ गिराना आपल्याला इतके सवयीचे आहे की कधी कधी आपण आळशी होतो. मराठी गझल ही सवलत देत नाही. लिहिले तसे मोजायचे. हा जाच आहे, पण त्यामुळे मराठी गझलकाराला नेमका शब्द शोधत बसावे लागते. ‘अलामत’ या शब्दाचेच पाहा. आपल्याकडे तो खूण, लक्षण, प्रतीक अशा अर्थांनी फिरतो. मराठी गझलेने त्याला काफियाच्या आधीच्या न बदलणाऱ्या स्वराचे नाव करून टाकले. पाहुणा म्हणून आलेला शब्द तिथे नोकरीला लागला.

मराठी गझलेचे आजचे दुखणे वेगळे आहे. तंत्राची भीती इतकी वाढली आहे की लगक्रम बरोबर आला म्हणजे शेर झाला असे मानले जाते. आणि आपल्या मुस्लिम कवींचे एक खास दुखणे आहे. बोलावणे येते ते ऐक्यावर बोलण्यासाठी, म्हणून आपण ऐक्यावरच लिहीत बसतो. मंदिर आले की मशीद येणार, राम आला की रहीम येणार, हे श्रोत्याला पहिल्या ओळीतच कळते. ज्या शेराची दुसरी ओळ आधीच कळते तो शेर मेला. काफिये वेगळे पण रदीफ एकच, तसाच आपला भारत, ही उपमा आम्ही स्वतः दोन भाषणांत वापरली आहे. तिसऱ्यांदा वापरणार नाही. सलोख्याचा उपदेश करणाऱ्या गझलेपेक्षा एखादी चांगली विरहाची गझल सलोख्याचे काम अधिक करते, असे आमचे मत होत चालले आहे.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की या सगळ्याने काय झाले? याच ठाणे जिल्ह्यात १९७० मध्ये भिवंडी पेटली, १९८४ मध्ये पुन्हा पेटली. १९९२-९३ नंतर मुंबईतून किती कुटुंबे मुंब्र्याला आली ते आपण जाणतो. तेव्हाही गझला गायल्या जात होत्या. ‘एल्गार’ १९८३ चे पुस्तक आहे आणि पुढच्याच वर्षी भिवंडी जळत होती. कलेने दंगल थांबत नाही. हे कबूल न करता कलेचा गौरव करणे म्हणजे फसवणूक आहे. दंगल थांबवायला पोलीस, न्यायालय आणि मोहल्ल्यातली धीट माणसे लागतात.

मग कला काय करते? आमच्या मते ती दंगलीच्या नंतरचे आणि दोन दंगलींमधले काम करते. लोक वेगळ्या वस्त्यांत राहायला गेल्यावर, मुले वेगळ्या जिन्यांनी चढू लागल्यावर, एकमेकांशी बोलायला एखादा विषय उरावा लागतो. वागळे इस्टेटमध्ये पूर्वी तो विषय कारखान्याने दिला होता. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. रस्त्यांना नावे नव्हती, नंबर होते, रोड नंबर १६, रोड नंबर २२. त्या रस्त्यांवर घाटावरचा, कोकणातला, उत्तरेतला माणूस एका पाळीत काम करी, एका भोंग्यावर जेवायला सुटे. कारखाने एकेक करून गेले. त्या जागी काचेच्या इमारती आल्या. पाळी संपली तशी एकत्र डबा उघडण्याची जागाही संपली. आज आमच्या मुलांचे बाप वेगवेगळ्या ठिकाणी रिक्षा चालवतात, सुरक्षारक्षक आहेत, माल पोचवतात.

म्हणून बाकावरच्या त्या मुलाच्या वाक्यानंतर आम्ही एक छोटा प्रयोग केला. शेजारच्या मराठी माध्यमाच्या बाईंना सांगितले, त्या लगेच तयार झाल्या. एका शनिवारी दोन्ही वर्गांतली काही मुले एकत्र बसवली आणि आपल्या जुन्या रीतीप्रमाणे एक तरही मिसरा दिला. दोन्हीकडची लय सांभाळणारा, भुजंगप्रयातातला आणि मुतकारिबमधला. मिसरा आम्हीच बांधला होता :

किती कारखाने इथे बंद झाले

रदीफ ‘झाले’, काफिया ‘बंद’. मुलांनी जोडीची ओळ आणायची होती. अर्धा तास नुसता गोंगाट. मग आमच्या वर्गातल्या एका मुलीने चिठ्ठी पुढे केली. मराठी ती ‘सुलभभारती’पुरतीच वाचते. लिहिले होते :

दिवे आमच्या चाळिचे मंद झाले

मराठीकडच्या एका मुलाने लगेच बोट ठेवले. ‘चाळिचे’ नाही, ‘चाळीचे’, दीर्घ ‘ळी’. मात्रा बसत नाही. आमच्या मुलीला कळेना, कारण तिच्या कानाने उर्दूच्या सवयीने स्वर दाबला होता. त्या मुलाने स्वतःच दुरुस्ती सुचवली : ‘दिवे आमच्या अंगणी मंद झाले’. वृत्तात चोख. बाईंनी मान डोलावली. आमची मुलगी मात्र अडून बसली. म्हणाली, “सर, चाळीला अंगण कुठे असतं?” तो मुलगाही चाळीतच राहतो. तो गप्प झाला, मग हसला. आणखी कोणी तोड काढली, ‘दिवे या घरांचे जरा मंद झाले’. आता अंगणही गेले, चूकही गेली, पण ‘जरा’ भरतीचा आहे हे दोन्हीकडच्या मुलांनी एका आवाजात सांगितले. आणि चाळ गेली ती गेलीच.

आम्ही आणि बाईंनी निकाल दिला नाही. तिन्ही ओळी फळ्यावर तशाच ठेवल्या. घरी जाताना आमच्या लक्षात आले की ‘बंद’ हा काफिया फार्सीतून आलेला आणि ‘मंद’ संस्कृतातून. भाषा शुद्ध करायला बसलो असतो तर ही जोडी जमलीच नसती. मुलांना ते ठाऊक नव्हते आणि आम्ही सांगितलेही नाही. त्यांचा वाद वेगळ्याच गोष्टीवर चालू होता, तो अजूनही मिटलेला नाही. पाण्याच्या टाकीजवळ भेटली की ती मुले आता ढकलाढकलीच्या आधी एकमेकांना विचारतात, चाळीचे काय केलेस?